रविवारी पिकणारं अवोकाडो

आमच्या एर्लिंदामावशीच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूच्या भिंतीवर दोन कागद चिकटवलेले आहेत. एक रंगीत, गुळगुळीत, प्लास्टिकमध्ये मढवलेला. त्यावर अर्ध्या कापलेल्या अवोकाडोचं चित्र आणि खाली त्याचे फायदे: हृदयाला चांगलं, वाईट चरबी उतरवतं, डोळ्यांना चांगलं, कातडीला चांगलं, पोट साफ ठेवतं, गरोदर बाईनं तर खावंच, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम. दुसरा कागद साधा, तेलाच्या डागांनी आरपार दिसायला लागलेला. त्यावर काय खायचं नाही त्याची यादी. यादीत पहिलं नाव अवोकाडोचं, आणि कारण तेच, पोटॅशियम. मी एकदा म्हणालो, "मावशी, यातला एक तरी काढून टाक. आलेला माणूस वाचून चक्रावतो." ती म्हणाली, "राहू दे. खोटं दोन्हींत काही नाही."

मी एवारिस्तो, तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. माझी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि बागांमधून फळांचे क्रेट खाली उरुआपान शहरात पोचवायचे हा माझा धंदा. आमच्या डोंगरात ज्याच्याकडे बाग आहे तो अवोकाडो विकतो, ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याचं तोडतो, निवडतो, नाहीतर वाहतो. मावशी निवडायची. चौदाव्या वर्षी ती फळं भरायच्या कारखान्यात लागली आणि एकतीस वर्षं त्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली. तो रंगीत कागद तिथलाच. सीमेपलीकडून आलेल्या कुणा गिऱ्हाइकानं वाटला होता. बाकीच्या बायकांनी त्यात मिरच्या बांधून नेल्या, हिनं भिंतीला लावला. जणू लहान मुलाचं प्रगतिपुस्तक.

तिच्या अंगठ्याइतकी खरी गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. हे फळ झाडावर पिकत नाही, महिनोन्‌महिने ठेवा, दगडच राहतं. तोडल्यावरच ते मऊ व्हायला लागतं. कधी होईल ते मावशी तोडल्या दिवशीच सांगायची. फळ हातात घ्यायची, कानाशी हलवून आतली बी ऐकायची, मग देठाच्या खाली, मानेशी, अंगठ्यानं हलकंच दाबायची. पोटाशी कधी नाही. पोटाशी दाबलं की आत डाग पडतो. "बुधवारी, संध्याकाळी," असं म्हणायची आणि ते बुधवारी संध्याकाळीच व्हायचं. कच्चं कापणाऱ्याला ती माणसात धरत नसे. माझ्या लग्नात आचाऱ्यानं पिकायच्या दोन दिवस आधीच फळं चिरली, तेव्हा हिनं नवरीच्या मामांसमोर ती अख्खी परात उचलून डुकरांना घातली. माझी सासू अजून ते काढते.

आणि औषधं. खोकला झाला, अवोकाडोच्या पाल्याचा काढा. गुडघे धरले, बी किसून दारूत भिजवून चोळायची. केस गळतात, गर लाव. गावातल्या निम्म्या पोरांचा पहिला घास हिच्या बोटावरून त्यांच्या तोंडात गेला आहे, माझाही. मी चिडवायचो, "मावशी, गाडीचं इंजिन खोकतंय, त्यात पण गर घालू का?"

"घाल की," ती म्हणायची. "निदान तुझ्यापेक्षा तरी बरं चालेल."

मावशीच्या नवऱ्याचं, आमच्या काकांचं नाव तिबुर्सियो. चाळीस वर्षं ते फळं तोडायचे. लांब काठी, टोकाला पातं आणि पिशवी. दिवसभर मान वर. बोलणं बेताचं, मावशी दोघांचं मिळून बोलायची. दिवसभर बागेतली जाड सालीची फळं तोडून घरी आले की त्यांना खायला मात्र दारातल्याच झाडाचं लागायचं. पाण्याच्या टाकीजवळ एक गावठी झाड आहे, मावशीनं माहेरच्या बीपासून लावलेलं. त्याचं फळ लहान, काळं, साल इतकी पातळ की सालीसकट खायचं, आणि पानाला बडीशेपेचा वास. गरम मक्याची भाकरी, त्यावर या फळाच्या फोडी, वर मीठ. "बागेतलं ते सीमेपलीकडच्या लोकांचं," काका म्हणायचे. "हे माझं."

काकांना साखरेचा आजार होता. आमच्याकडे साखर नसलेला म्हातारा शोधावा लागतो, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मग पाय सुजायला लागले. मावशीच्या आईनं सांगून ठेवलं होतं, मूत्रपिंडाला पाला चांगला. तिनं रोज सकाळी काढा दिला, दोन वर्षं, एक दिवस न चुकता. काका तो मुकाट्यानं प्यायचे. एका सकाळी त्यांना श्वासच घेता येईना. मी गाडीत घालून खाली मोठ्या इस्पितळात नेलं, तिथं कळलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. आता सोमवारी आणि गुरुवारी रक्त साफ करायचं मशीन. सकाळी सहाला मी गाडी दारात लावायची, तिघांनी पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून खाली जायचं, हे दोन वर्षं चाललं.

तिथं आहार सांगणारी एक मुलगी होती, यारेली. जवळच्या पाराचो गावची, पंचविशीची. पहिल्या दिवशी तिनं ती यादी मावशीच्या हातात दिली. अवोकाडो नाही, केळं नाही, टोमॅटो नाही, घेवडा नाही, संत्रं नाही, बटाटा असा तसा नाही.

मावशीनं यादी दोनदा वाचली. "बाळ, तू इकडचीच ना?"

"हो मावशी."

"मग तुला दिसत नाही का? ही यादी नाही, हे माझं स्वयंपाकघर आहे. खायचं काय यांनी?"

"भात, कोबी, सफरचंद. अंड्यातलं पांढरं."

"हे जेवण आहे का शिक्षा?"

"शिक्षा," काका म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं तेवढं एकच वाक्य.

यारेलीनं नीट समजावलं. धडधाकट माणसाला पोटॅशियम हवंच असतं, त्यानं रक्तदाब ताब्यात राहतो, तुमचा तो कागद खोटा नाही. पण जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकतं. काकांचं टाकत नाही. ते रक्तात साचतं आणि मग हृदय थांबतं, काही न सांगता, चालता चालता. मावशी ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "आणि पाला?"

"कसला पाला?"

"काढा दिला मी यांना. रोज दिला. मूत्रपिंडासाठी."

यारेलीनं तिचा हात धरला. "हे साखरेनं केलंय, मावशी. पाल्यानं नाही."

"तुला कसं कळलं? तू तर यांना आज पाहतेस."

परत येताना गाडीत मावशीनं मला विचारलं, "ती खरं बोलली का रे?" मी म्हणालो, अगदी खरं. "तू काय डॉक्टर आहेस?" ती म्हणाली. हा प्रश्न तिनं नंतर मला किती वेळा विचारला त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी उत्तर ऐकून ती माझ्यावरच चिडायची.

यारेलीनं एक युक्ती सांगितली होती. बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी फेकायचं, परत नव्या पाण्यात उकडायचा. पोटॅशियम बरंचसं पाण्याबरोबर जातं. मावशीच्या डोक्यात हे बसलं. बटाट्याचं जातं तर अवोकाडोचं का जाणार नाही? एका दुपारी मी गेलो तर घरभर कसला तरी उग्र वास. चुलीवर पातेलं, पातेल्यात अवोकाडोच्या फोडी रटरटत होत्या. एक पाणी फेकून झालं होतं, दुसरं चाललं होतं. अवोकाडो उकडलं की कडू होतं हे जगात कुणाला माहीत असेल तर तिला. तरी तिनं तो राखाडी लगदा गाळला, घोटला, त्यात लिंबू पिळलं, मीठ घातलं आणि भाकरीवर घालून काकांपुढं ठेवला. मी बोट लावून चाखलं. कडूजहर.

काकांनी घास घेतला. चावला. गिळला. "बरं लागतंय," ते म्हणाले.

मावशीनं त्यांच्या ताटातला एक घास स्वतःच्या तोंडात टाकला, आणि काका दुसरा घास घेणार तेवढ्यात ताट ओढून घेतलं. पुढच्या गुरुवारी तिनं यारेलीला विचारलं, "दोनदा पाणी फेकलं तर सगळं जातं का गं?" यारेली म्हणाली, "थोडं जात असेल मावशी, सगळं नाही. किती, ते मलाही माहीत नाही. नका देऊ." मावशी तिथंच बाकावर बसली. म्हणाली, "मग मी करू तरी काय?" चाळीस वर्षं गावाला खाऊपिऊ घातलेल्या बाईला घरच्या माणसाच्या ताटात काय वाढावं ते कळत नव्हतं. मला तिची इतकी दया आली की मी तिच्यावर ओरडलो. माझं असंच आहे, रडू आलं की आवाज चढतो.

घरच्या झाडाची फळं तिनं तोडणंच बंद केलं. तोडलं तर पिकणार, पिकलं तर घरात असणार. दोन हंगाम ती फळं खारींनी आणि पाखरांनी खाल्ली. काका टाकीजवळ खुर्ची टाकून त्या झाडाखाली बसायचे. एखादं पान चुरगाळून नाकाशी धरायचे, बस्स. मावशी खिडकीतून बघायची, ते पान तोंडात तर घालत नाहीत ना म्हणून.

पण गावाचं काय करणार? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. बागेतलं उत्तमातलं उत्तम फळ न्यायचं, तिथंच कापायचं आणि पहिली फोड आपल्या हातानं आजाऱ्याच्या तोंडात घालायची. नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याची बाग किडकी म्हटल्यासारखं. मावशीनं सुरुवातीला सगळ्यांना पोटॅशियम समजावलं. शेजारची ओब्दुलिया म्हणाली, "अवोकाडो खाऊन कुणी मेलंय का गं? भिंतीवर कागद तर तूच लावलास. हृदयाला चांगलं म्हणून आम्हांला वाचून दाखवायचीस."

मग मावशीनं दुसरा मार्ग धरला. पाहुणा फोड पुढं करायचा अवकाश, ही मध्येच तोंड घालायची. "आधी मला," म्हणायची, आणि खायची. सगळं खायची. पाहुण्याचं मन राखायचं आणि काकांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही, यासाठी तिनं दोन वर्षांत किती अवोकाडो पोटात घातली असतील देव जाणे. तिचं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं चांगलं रक्त पाहिलं नाही. ती घरी येऊन खूप वेळ टाकीवर भांडी घासत राहिली.

गावात मात्र वेगळंच पिकलं. ओब्दुलिया दुकानात म्हणाली, "म्हातारा वाळतोय आणि म्हातारी गोल होतेय. आजाऱ्याच्या तोंडचं काढून खाते." मी जाऊन ओब्दुलियाशी भांडलो. मावशीनं मलाच झापलं. "तिचं काय चुकलं? तिला जे दिसतं ते ती बोलते."

मग तो सोमवार आला. त्याआधी तीन वेळा मशीन मध्येच बंद करावं लागलं होतं. लावलं की काकांचा रक्तदाब तळाला जायचा. त्या दिवशी डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "यांचं हृदय आता मशीन सोसत नाही. परत लावलं तर मशीनवरच जातील. घरी न्या."

"किती दिवस?"

"आठवडा. कदाचित तोही नाही. त्यांना सांगितलंय मी."

मी आत गेलो तर काका बूट घालत होते. "तुझ्या मावशीला इथं सांगू नकोस," म्हणाले. "इथं ती पडली तर तुला एकट्याला दोघांना उचलता यायचं नाही." तसं म्हणून ते थोडे हसलेसुद्धा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मावशी बाकावर होती आणि यारेली तिच्याशेजारी. मला ऐकू आलं ते एवढंच, "मावशी, ती यादी आता विसरा. काकांना जे आवडेल ते द्या, हवं तेवढं द्या." मावशीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं त्या मुलीचे दोन्ही हात धरून त्यांचे मुके घेतले. यारेलीनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, मी सांगेन. डॉक्टरांना वाटलं, मी सांगेन. काकांनी मला गप्प केलं होतं. मी गाडी काढायला गेलो.

वाटेत मावशी आम्हां दोघांच्या मध्ये बसून अखंड बोलत होती. "जे आवडेल ते म्हणाली. म्हणजे अवोकाडो आलंच ना त्यात? आलंच. मी म्हणत होते, इतकं मशीन केल्यावर रक्त साफ होणारच. गुरुवारी तिच्यासाठी काहीतरी न्यायला पाहिजे."

"गुरुवारी सुट्टी आहे," काका म्हणाले. "मशीन दुरुस्तीला काढलंय."

"बरं झालं. तुलाही विश्रांती."

मी उगाचच गियर बदलला.

घरी आल्या आल्या तिनं कुंपणावरून ओब्दुलियाला हाक मारली. "परवानगी मिळाली गं. सगळं खायची परवानगी."

"मी तर कधीपासून सांगत होते," ओब्दुलिया म्हणाली आणि पाचच मिनिटांत पिकलेल्या फळांची पाटी घेऊन हजर झाली. पहिल्यांदाच मावशीनं तिला मोकळ्या मनानं अडवलं. "पहिला घास आमच्या झाडाचा. मग तुझा."

काकांनाही तेच हवं होतं. ते खुर्चीत बसले, मी काठी घेतली. "ते नको," काका खालून सांगत होते, "त्याच्या वरचं. चमक गेलेलं बघ. हां, ते. आणि त्याच्या शेजारचं." दोन फळं उतरवली. काकांनी ती तळहातावर घेतली, देठं बघितली आणि मावशीकडं दिली. तिनं कानाशी हलवली, मानेशी दाबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. इस्पितळात डॉक्टरांच्या तोंडाकडंही मी असं पाहिलं नव्हतं.

"रविवार," ती म्हणाली.

काकांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही. "रविवार लांब आहे, म्हातारे," काका म्हणाले.

"दोन वर्षं थांबलास, सहा दिवस जड झाले का रे म्हाताऱ्या?" ती म्हणाली. दोन्ही फळं वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं टोपलीत ठेवली आणि टोपली कोनाड्यात, नेहमीच्या जागी.

मंगळवारी मी गेलो तेव्हा टोपलीत एकच फळ होतं. दुसरं तिनं पिकलेल्या केळ्यांच्या घडाबरोबर पिशवीत बांधलं होतं. केळ्यांच्या संगतीत फळ लवकर मऊ होतं, पण मावशी त्याला फसवणूक म्हणायची. व्यापाऱ्यांचे धंदे, म्हणायची. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "टोपलीत जागा नव्हती." टोपलीत दहा फळं मावली असती. काका दिवसभर झोपून होते. अंगाला खाज सुटली होती. ती ओल्या फडक्यानं त्यांची पाठ पुसत होती.

बुधवारी ते फळ केळ्यांसकट चुलीजवळच्या फळीवर आलं होतं, उबेला. "मावशी, चुलीजवळ? गराला रेषा धरतील."

"मला शिकवतोस?"

मला वाटलं, म्हातारपण, उतावीळ झाली आहे. मी गाढव. त्याच दुपारी शिकागोहून त्यांच्या मुलीचा फोन आला. तिच्याकडं तिकडं राहायच्या परवान्याचे कागद नाहीत. इकडं आली तर परत जाता यायचं नाही आणि तिची पोरं तिथं आहेत. एरवी मावशी फोन सोडत नाही. त्या दिवशी तिनं तो लगेच काकांच्या कानाला लावला आणि म्हणाली, "बोल त्याच्याशी. आज जास्त बोल." आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

गुरुवारी सकाळी सहाला मी सवयीनं गाडी त्यांच्या दारात लावली. मशीन नव्हतं, कुठं जायचं नव्हतं, तरी हात तिकडंच वळले. मावशी आंघोळ करून, केस विंचरून तयार होती. काकांना तिनं घोंगडी पांघरवून झाडाखाली खुर्चीत बसवलं होतं. त्यांचा श्वास लहान लहान येत होता, डोळे मिटत होते. तव्यावर भाकरी होती. पाटावर ते फळ, शेजारी सुरी.

मी फळ हातात घेतलं. मानेशी दाबलं. मावशीइतका नाही, पण मलाही अंगठा आहे.

"मावशी, हे तयार नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून फळ घेतलं आणि कापलं. सुरी चरचरत आत गेली. बी सुटेना, पिकलेल्या फळातून ती आपसूक निघते, मावशीला सुरीच्या टोकानं कोरून काढावी लागली. डुकरांना परात घालणारी ती बाई खाली मान घालून कच्च्या फळाच्या फोडी करत होती, शक्य तितक्या पातळ. तेव्हा मला कळलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला सगळं ठाऊक होतं, कदाचित सोमवारी इस्पितळाच्या बाकावर बसल्यापासूनच. आम्ही सगळे तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमची लबाडी सांभाळत होती. मी भाकरी तव्यावरून काढली, तेवढंच जमलं.

तिनं भाकरीच्या तुकड्यावर फोड ठेवली, मीठ भुरभुरलं, आणि ती काकांपुढं वाकली. पहिला घास तिनं आपल्या हातानं त्यांच्या तोंडात घातला.

काका चावत राहिले. कच्चं अवोकाडो मी खाल्लं आहे. मेण आणि गवत चावल्यासारखं लागतं, गिळता गिळत नाही. चाळीस वर्षं फळं तोडलेल्या माणसाला पहिल्याच चाव्याला कळलं असणार. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं.

"तयार आहे," ते म्हणाले.

"असणारच," मावशी म्हणाली. "माझा अंगठा कधी चुकलाय का?"

त्यांनी अजून दोन फोडी खाल्ल्या. मग मान हलवली, पुरे. उरलेली एक तिनं माझ्या हातात ठेवली, मीठ लावून, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. मी खाल्ली. चांगली झालीय, म्हणालो.

काका शुक्रवारी दुपारी गेले. टोपलीतलं दुसरं फळ रविवारी मऊ झालं, तिनं सांगितलं होतं तसंच. ते कुणी कापलं नाही.